उंसासाठीं आणलेला बेडूक

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, म्हणजे तिन्हीसांजेच्या सुमारास बांधावरील कडुनिंबांवर आणि बाभळींवर तपकिरी रंगाचे भुंगेरे घोंगावूं लागतात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं ऊंस आहे, त्यांना हे भुंगेरे म्हणजे काय संकट आहे तें सांगावयास नको. यांची मादी जमिनींत अंडीं घालते; अंड्यांतून पांढरी, अर्धचंद्राप्रमाणें वांकलेली अळी निघते; आणि ती उंसाच्या मुळ्या कुरतडून खाते. हीच ती हुमणी. वरून पाहणाराला आरंभीं कांहींच दिसत नाहीं. पुढें उंसाचें बेट पिवळें पडतें, वाळतें, आणि हातानें ओढलें तर मुळ्यांवांचून सहज उपटून येतें. शेतकरी रात्रीं कंदील घेऊन जातो, फांद्या हलवितो, खालीं पडलेले भुंगेरे वेंचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकतो. हें काम किचकट आहे. शिवाय एकानें केलें आणि शेजाऱ्यानें न केलें तर तें बहुतेक व्यर्थच जातें. अशा वेळीं कोणी येऊन म्हणाला, "दादा, हे चार बेडूक घ्या, शेतांत सोडा, आणि स्वस्थ निजा, भुंगेऱ्यांचा समाचार ते घेतील," तर कोणाला मोह होणार नाहीं?

असाच मोह सुमारें नव्वद वर्षांपूर्वीं ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस असलेल्या क्वीन्सलँड प्रांतांतील ऊंसवाल्यांना झाला. त्याची हकीगत येथें सांगावयाची आहे. ती केवळ एका फसलेल्या उपायाची असती, तर आम्ही ती सांगण्याच्या भरीस पडलों नसतों. फसलेले उपाय जगांत पुष्कळ आहेत. परंतु त्या बेडकाचें पुढें जें झालें त्यांत एक दुर्मिळ गोष्ट पाहावयास मिळते. उत्क्रांति, म्हणजे प्राण्यांच्या जातींत पिढ्यानुपिढ्या होत जाणारा बदल, ही लक्षावधि वर्षांनीं घडून येणारी गोष्ट असें आपण क्रमिक पुस्तकांत वाचतों. येथें ती एका माणसाच्या आयुष्याएवढ्या अवधींत, पाहणारांच्या डोळ्यांदेखत घडली आहे.

प्रथम ह्या प्राण्याची ओळख करून घेऊं. इंग्रजींत त्याला 'केन टोड' म्हणतात. आपण त्याला ऊंस-भेक म्हणूं. भेक म्हणजे जाड, खडबडीत कातडीचा, पाण्यापासून दूरही राहूं शकणारा बेडूक. पावसाळ्याच्या रात्रीं ओसरीवरच्या दिव्याखालीं किडे टिपीत बसणारा जो खरखरीत बेडूक आपण पाहतों, तोही ह्याच कुळांतला. (त्याला हात लावला तर हातावर चामखिळी उठतात, अशी मुलांची समजूत असते. ती अगदीं खोटी आहे. चामखीळ निराळ्याच विषाणूमुळें येते.) ऊंस-भेकाचें मूळ वसतिस्थान अमेरिकेंत आहे: उत्तरेस टेक्सासच्या दक्षिण टोंकापासून दक्षिणेस अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यापर्यंत. आपल्या ओसरीवरच्या भेकाहून तो बराच मोठा असतो. पूर्ण वाढ झाल्यावर तो साधारणपणें दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब भरतो; आणि २०२३ सालच्या जानेवारींत क्वीन्सलँडच्या कॉनवे राष्ट्रीय उद्यानांत जो एक भेक सांपडला, त्याचें वजन तर २.७ किलो होतें. मादी एका वेळीं आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंडीं घालते, आणि तीं लांबच लांब चिकट माळेच्या रूपानें पाण्यांत पडतात. ह्याची भूक अशी, कीं तोंडांत मावेल तें सर्व त्याचें भक्ष्य: किडे, गोगलगाई, लहान बेडूक, उंदराचीं पिलें, फार काय, कुत्र्यापुढें वाढून ठेवलेलें अन्नसुद्धां.

परंतु त्याची मुख्य ओळख त्याच्या विषाची आहे. डोक्याच्या मागें दोन्ही बाजूंस त्याला मोठ्या फुगीर ग्रंथि असतात. कोणी त्याला तोंडांत धरलें, कीं त्यांतून दुधासारखा पांढरा रस पाझरतो. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणांत सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आंत घेणारे सूक्ष्म पंप असतात. भेकाचें विष नेमकें त्या पंपांना चिकटतें. पंप अडले कीं ठोक्यांची लय बिघडते, आणि धरणारा प्राणी कित्येकदां भेक तोंडांत असतांनाच मरतो. हें विष अंड्यांत आहे आणि पाण्यांत पोहणाऱ्या शेंपटीच्या पिलांतही आहे. तेव्हां ह्या प्राण्याच्या आयुष्यांत निर्धास्तपणें खातां येईल अशी एकही अवस्था नाहीं.

आतां हा ऑस्ट्रेलियांत कसा गेला तें पाहूं. वेस्ट इंडीज बेटांतील मळेवाले त्याला उंसाच्या शेतांत पूर्वींपासून सोडीत आले होते. १९२० नंतरच्या दशकांत तो पोर्टो रिको बेटावर गेला, आणि १९३२ सालीं तेथेंच भरलेल्या ऊंस-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्याची वाखाणणी झाली. त्याच वर्षीं तो हवाई बेटांत नेण्यांत आला. क्वीन्सलँडच्या ऊंस-संशोधन खात्याचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड मंगोमेरी हे १९३५ सालीं हवाईला गेले आणि सुमारें शंभर भेक पेट्यांत घालून जूनमध्यें परत आले. गॉर्डनव्हेल गांवाजवळ मेरिंगा येथें त्यांच्यासाठीं डबकीं तयार ठेविलीं होतीं. भेक रुजले, व्याले. आणि ऑगस्टांत त्यांचीं सुमारें २,४०० पिलें उंसाच्या शेतांत सोडण्यांत आलीं.

मंगोमेरी हे कांहीं दुष्ट किंवा मूर्ख गृहस्थ नव्हते, हें येथें सांगितलें पाहिजे. त्यांच्या डोळ्यांसमोर एक ताजें यश होतें. ऑस्ट्रेलियांत बाहेरून आलेल्या फड्या निवडुंगानें कोट्यवधि एकर जमीन व्यापिली होती. १९२६ सालापासून अर्जेंटिनांतल्या एका पतंगाच्या अळ्या तेथें सोडण्यांत आल्या, आणि थोड्याच वर्षांत त्यांनीं त्या निवडुंगाचा फडशा पाडला. तेव्हां एका जीवानें दुसऱ्याचा बंदोबस्त करावा हा विचार हास्यास्पद नव्हता. फरक इतकाच, कीं ती अळी निवडुंगाशिवाय दुसरें कांहीं खात नाहीं, हें सोडण्यापूर्वीं तपासून पाहिलें होतें. आणि भेक काय खात नाहीं असा प्रश्न विचारला असता तर उत्तर देणें कठीण पडलें असतें. आपल्या देशांतील मुंगसाची गोष्ट तर ह्याहूनही जुनी आहे. १८७२ सालीं कलकत्त्याहून नऊ मुंगसें जमेकाला नेलीं, तीं उंसांतले उंदीर मारण्यासाठीं. उंदीर रात्रीं हिंडतो, मुंगूस दिवसा. मुंगसांनीं उंदरांबरोबर पक्ष्यांचीं अंडीं आणि कोंबड्याही खाण्यास आरंभ केला. ही गोष्ट १९३५ सालीं अज्ञात नव्हती.

विरोध करणारा मनुष्यही निघाला. न्यू साउथ वेल्सचे निवृत्त कीटकशास्त्रज्ञ वॉल्टर फ्रॉगट यांनीं निक्षून सांगितलें, कीं हा सर्वभक्षी, शत्रुरहित प्राणी सशांप्रमाणें किंवा निवडुंगाप्रमाणें देशाला पीडा होऊन बसेल. त्यांच्या म्हणण्यावरून मध्यवर्ती सरकारनें पुढील भेक सोडण्यास बंदीही केली. परंतु ऊंसवाल्यांची आणि प्रांतिक सरकारची ओरड झाली, आणि १९३६ सालीं ती बंदी उठली. १९३७ च्या मार्चपर्यंत ६२,००० पिलें शेतांत गेलीं. त्याच वर्षीं फ्रॉगट वारले.

आणि भुंगेरे? भुंगेऱ्यांचें कांहींएक झालें नाहीं. क्वीन्सलँडचा करड्या पाठीचा भुंगेरा आपल्याकडील भुंगेऱ्याहून निराळ्या जातीचा असला, तरी त्याची चाल तीच. त्याची अळी जमिनीखालीं मुळ्यांपाशीं राहते. भेक जमीन उकरून तिच्यापर्यंत जात नाहीं. भुंगेरा बाहेर निघाला कीं थेट झाडाच्या शेंड्यावर जाऊन पाला खातो. भेकाला झाडावर चढतां येत नाहीं. लहान उंसाच्या उघड्या शेतांत दिवसा आसरा घेण्यासाठीं ओलसर सांवलीही नव्हती. तेव्हां भेक शेत सोडून बागांत, गोठ्यांत, दिव्यांच्या खांबांखालीं जाऊन बसले. सारांश, ज्याला मारावयाचें आणि ज्यानें मारावयाचें ते दोघे एकमेकांस क्वचितच भेटत. ही गोष्ट एका हंगामांत, कुंपण घातलेल्या एका शेतांत पडताळून पाहतां आली असती. आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणांतील खरी चूक तीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उंसासाठीं रासायनिक औषधें आलीं आणि शेतकरी भेकाला विसरून गेले. भेक मात्र जावयाचा नव्हता.

ऑस्ट्रेलियांत बेडकांच्या पुष्कळ जाति आहेत; परंतु भेकांच्या कुळांतली मूळची तेथली एकही नाहीं. तेथील मांसाहारी प्राण्यांनीं लक्षावधि वर्षें बेडूक खाल्ले, पण भेकाचें हें विष कधीं चाखलें नाहीं. ह्याचा अर्थ काय तो आपल्याकडील उदाहरणावरून चटकन समजेल. आपली घोरपड भेक खाते. तळ्याकांठची दिवड तर त्यावर ताव मारते. त्यांना कांहीं होत नाहीं. कारण आशियांत भेक फार प्राचीन काळापासून आहेत, आणि येथील घोरपडींच्या हृदयांतील जो पंप आम्हीं वर सांगितला, त्याच्या घडणींत थोड्याच जागीं असा फरक आहे कीं विष त्याला चिकटत नाहीं. ऑस्ट्रेलियांतल्या घोरपडींचे पूर्वजही आशियांतूनच गेले. परंतु जेथें भेकच नाहींत तेथें त्या संरक्षणाची गरज राहिली नाहीं, आणि तें त्यांच्यांत उरलें नाहीं. म्हणून १९३५ सालीं जेव्हां भेक आला, तेव्हां तेथील घोरपड निःशस्त्र होती. उलट, तेथील गोड्या पाण्याच्या कांठीं राहणारा कीलबॅक नांवाचा साप, जो आपल्या दिवडीचा दूरचा भाऊबंद आहे आणि ज्याचें घराणें आशियांतून मानानें अलीकडे तेथें गेलें आहे, तो भेक खातो आणि जगतो.

ज्यांना असें आप्त नव्हते त्यांची दशा वाईट झाली. क्वोल म्हणून एक प्राणी तेथें आहे: लहान मांजराएवढा, अंगावर पांढरे ठिपके, आणि कांगारूच्या वर्गांतला. ह्याला समोर हालणारें कांहींही पकडण्याची संवय. २००१ सालीं भेक काकडू राष्ट्रीय उद्यानांत शिरले, आणि पाहतां पाहतां तेथील कित्येक रानांतून उत्तरेकडचा हा क्वोल दिसेनासा झाला. पिवळ्या ठिपक्यांची मोठी घोरपड कांहीं ठिकाणीं शेंकडा नव्वदांहून अधिक घटली. व्हिक्टोरिया नदीच्या कांहीं भागांत गोड्या पाण्यांतील मगरींच्या संख्येंत शेंकडा ७७ पर्यंत घट झाली. घोरपडी गेल्यावर डॅली नदीच्या वाळूंतलीं कांसवांचीं अंडीं, जीं पूर्वीं घोरपडींच्या पोटांत जात, तीं वांचूं लागलीं. एक कडी तुटली कीं साखळी कोठें कोठें हालते, तें असें दिसून येतें.

आतां आम्ही मुख्य गोष्टीकडे वळतों.

आरंभीं भेक वर्षाला सुमारें दहा किलोमीटर ह्या चालीनें पसरत होते. पुढें पुढें ही चाल वाढत गेली. आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं, उत्तरेकडील उष्ण प्रदेशांत, त्यांची आघाडी वर्षाला पन्नास किलोमीटरांहूनही अधिक सरकूं लागली. जो प्राणी आपल्या ओसरीवर दिव्यापासून तुळशीवृंदावनापर्यंत जाण्यास दहा उड्या घेतो, त्याच्या कुळांतल्याला एवढी घाई कशाची? सिडनी विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड शाइन आणि त्यांचे सहकारी डार्विन शहराच्या पूर्वेस साठ किलोमीटरांवर फॉग डॅम येथें सापांचा अभ्यास पूर्वींपासून करीत होते. भेक आपल्या दिशेनें येत आहेत हें त्यांना ठाऊक होतें. म्हणून ते वाट पाहत राहिले. २००५ च्या सुमारास आघाडीचे भेक येऊन पोहोंचले, तेव्हां त्यांनीं येणाऱ्या प्रत्येकाला धरून त्याचे पाय मोजण्यास आरंभ केला. कित्येकांच्या कमरेला बिनतारी संदेश देणारें लहानसें यंत्र बांधून रात्रभर त्यांचा माग घेतला.

निष्कर्ष असा निघाला, कीं जे सर्वांत आधीं आले त्यांचे मागचे पाय अंगाच्या मानानें लांब होते, आणि जे महिन्यामहिन्यांनीं मागाहून आले त्यांचे आंखूड. क्वीन्सलँडच्या जुन्या वसाहतींतल्या भेकांचे पाय तर त्याहूनही आंखूड. आघाडीचा एखादा भेक एका रात्रींत १.८ किलोमीटरपर्यंत मजल मारी. शिवाय तो सरळ रेषेंत चाले. जुन्या मुलखांतला भेक वळतो, रेंगाळतो, कालच्याच दगडाखालीं परत येतो. आघाडीचा मात्र आज जेथें निजला तेथें उद्यां दिसत नाहीं.

हें कसें झालें? खळ्यावर उफणणी चालली असतां काय होतें तें आठवा. उंचावरून धान्य सोडलें आणि वारा वाहत असला, तर जड दाणे पायाशीं पडतात, हलके त्यांच्या पुढें, आणि फोल सर्वांहून दूर जाऊन पडतें. कोणी एकेक दाणा हातांत घेऊन निवडीत नाहीं; अंतरच निवड करतें. भेकांचें तसेंच आहे. एका डबक्यांत जन्मलेल्या हजारो पिलांत कांहीं थोडीं अधिक लांब पायांचीं, कांहीं अधिक फिरस्तीं असतात. वर्षाअखेर हीं फिरस्तीं सर्वांच्या पुढें असतात. मंद असतात तीं मागें राहतात. पुढें विणीचा काळ आला कीं आघाडीच्या डबक्यांत जोडीदार कोण मिळणार? तेथवर जे पोहोंचले तेच. लांब पायाच्या नराला लांब पायाची मादी मिळते, कारण दुसरी तेथें नसतेच. त्यांच्या पिलांत कांहीं आईबापांहूनही चपळ निघतात. पुढच्या हंगामांत तीं पुन्हां सर्वांच्या पुढें. असें सत्तर वर्षें चाललें.

येथें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं एक भेद लक्षांत घ्यावा. डार्विननें सांगितलेल्या नैसर्गिक निवडींत ज्याला जगण्यास किंवा संतति वाढविण्यास सोय अधिक, त्याचे गुण पुढील पिढींत वाढतात. आघाडीवर गर्दी नसल्यामुळें खाद्य मुबलक, हा फायदा वेगवान भेकांना आहे हें खरें. परंतु तो नसता तरीही त्यांचा वेग वाढलाच असता; कारण हे गुण काळानें नव्हे, जागेनें वेगळे केले जात आहेत. शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं हा विचार स्पष्ट शब्दांत मांडला. दीडशें वर्षें उत्क्रांतीची चर्चा होऊनही ही वाट फारशी कोणाच्या ध्यानांत आली नव्हती, आणि ती एका चुकून सोडलेल्या भेकानें दाखवून दिली.

चौकस वाचक येथें हरकत घेईल: लांब पाय हे कदाचित् चांगल्या अन्नाचे, किंवा नव्या मुलखाच्या हवेचे परिणाम असतील, वंशपरंपरेचे कशावरून? हरकत योग्य आहे. म्हणून संशोधकांनीं निरनिराळ्या ठिकाणचे भेक एकाच जागीं आणले, तेथें त्यांचीं पिलें वाढविलीं, सर्वांस सारखें अन्न आणि सारखें पाणी दिलें. मग त्यांना सोडून माग काढला. आघाडीच्या आईबापांचीं मुलें दूर गेलीं आणि सरळ गेलीं. जुन्या मुलखांतल्या आईबापांचीं मुलें जवळपास घुटमळलीं. तेव्हां ही चाल रक्तांतली आहे.

परंतु हा वेग फुकट मिळालेला नाहीं. आघाडीच्या मोठ्या भेकांपैकीं दहांत एकाच्या पाठीच्या कण्याला संधिवात जडलेला आढळला. मणके सुजलेले, कांहीं ठिकाणीं एकमेकांस जुळून गेलेले. रात्रीमागून रात्र उड्या घेणारें शरीर झिजतें. आघाडीवरच्या माद्या अंडींही कमी वेळां घालतात. म्हणजे पाहा, ह्या गुणांनीं त्या भेकाचें व्यक्तिशः भलें होतें असें नाहीं. पाठ मोडली तरी त्याचा वंश पुढेंच जात राहतो. मागाहून मुलूख भरला, गर्दी झाली, कीं पुढल्या पिढ्यांचे पाय पुन्हां हळूहळू आंखूड होत जातात.

भेकांचा एक शत्रु मात्र त्यांच्याबरोबरच अमेरिकेहून आला आहे. तो म्हणजे त्यांच्या फुप्फुसांत राहणारा एक बारीक जंत. आघाडीचे भेक इतके पुढें निघून जातात, कीं हा जंत त्यांना दोन-तीन वर्षें गांठूं शकत नाहीं. आणि दुसरा शत्रु घरांतलाच. ऑस्ट्रेलियांतल्या डबक्यांत भेकाचीं मोठीं शेंपटीचीं पिलें नुकतींच फुटलेलीं भेकाचींच अंडीं हुडकून खातात. अंड्यांतून पाझरणाऱ्या विषाचा वासच त्यांना तेथें ओढून नेतो. मूळच्या अमेरिकन भेकांत हा प्रकार इतका आढळत नाहीं. जेथें बाहेरचा शत्रु नाहीं आणि गर्दी अतोनात, तेथें आपसांतच हा क्रूर व्यवहार वाढला, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसतें. माणसानेंही त्याचा उपयोग करून घेतला आहे: तेंच विष सांपळ्यांत आमिष म्हणून ठेविलें, कीं भेकाचीं पिलें शेंकड्यांनीं आंत येतात आणि देशी बेडकांचीं पिलें बाहेर राहतात.

मग जे खाणारे होते ते काय नुसते मरतच राहिले? नाहीं. लाल पोटाचा काळा साप घ्या. सापाला घांस चावून तोडतां येत नाहीं. तोंडांत मावेल तेंच तो गिळतो. ज्याचें डोकें मोठें तो मोठा भेक गिळणार, म्हणजे अधिक विष घेणार, आणि मरणार. लहान डोक्याच्या सापाला लहान भेकच मिळणार. तो कदाचित् वांचेल. संग्रहालयांत ऐंशी वर्षांचे जे साप जपून ठेविले होते, ते काढून मोजले असतां असें दिसलें, कीं जेथें भेक पूर्वीं आले तेथें ह्या सापांचीं डोकीं अंगाच्या मानानें लहान झालीं आहेत. पुढें असेंही कळलें, कीं भेकांच्या मुलखांतले काळे साप विष थोडें अधिक सोसतात, आणि बहुतेक भेकाला तोंडच लावीत नाहींत. संग्रहालयांत बाटल्यांतून साप भरून ठेवणाऱ्या त्या जुन्या मंडळींना, आपण कशाची साक्ष जतन करीत आहों, ह्याची कल्पनाही नसावी.

कित्येक प्राण्यांना युक्ति सांपडली. कावळे भेकाला उताणा करून पोटाकडून फोडतात, कारण विष पाठीकडे आहे. पाण्यांत राहणारा तेथील मोठा उंदीर, ज्याला रकाली म्हणतात, पोट फाडून हृदय आणि यकृत तेवढें खातो. मांसमुंग्या नांवाच्या मुंग्यांना ह्या विषाची पर्वाच नाहीं. डबक्याच्या कांठीं दिवसा बाहेर पडणारीं भेकाचीं बोटाच्या पेराएवढीं पिलें त्या उचलून नेतात.

परंतु क्वोलाला आणि घोरपडीला पिढ्या बदलण्यास अवकाश कोठें आहे? एकदां भेकाची लाट आली कीं एका हंगामांत सर्व आटोपतें. म्हणून गेल्या कांहीं वर्षांत तेथें एक निराळाच उद्योग चालला आहे, आणि आम्हांला तो ह्या सर्व हकीगतींत सर्वांत मनोवेधक वाटला. ह्या प्राण्यांना शाळेंत घातलें आहे असें म्हटलें तरी चालेल. क्वोलांना मेलेल्या लहान भेकाचें मांस, त्यांत मळमळ उत्पन्न करणारें औषध मिसळून, खाऊं घातलें. प्राणी आजारी पडतो, पण मरत नाहीं, आणि पुढें त्या वासाच्या वाटेस जात नाहीं. घोरपडींसाठीं त्याहूनही सोपी रीत निघाली. लहान भेकांत विष थोडें. तें खाल्लें तर घोरपडीला ओकारी येते एवढेंच. म्हणून किंबर्ली प्रदेशांत, आघाडी पोहोंचण्याच्या थोडें आधीं, मुद्दाम भेकाचीं पिलें सोडण्यांत येतात. घोरपड एक खाते, पस्तावते, आणि मोठे भेक आले तरी त्यांना सोडून देते. जेथें असे हे "पंतोजी" आधीं गेले तेथें घोरपडी टिकल्या. जेथें गेले नाहींत तेथें त्या नाहींशा झाल्या. गोड्या पाण्यांतल्या मगरींसाठीं बुनुबा जमातीच्या रानरक्षकांनीं शास्त्रज्ञांबरोबर मेलेल्या भेकांत औषध भरून तीं आमिषें नदीच्या घळींत टांगलीं. मूळच्या लोकांना नदीचें प्रत्येक वळण ठाऊक. त्यांच्या मदतीवांचून हें काम झालें नसतें. जो भेक आणल्यानें अनर्थ झाला, त्याचींच पिलें हातानें पुढें नेऊन सोडावयाचीं, ह्या विचारानें आरंभीं पुष्कळांच्या अंगावर कांटा आला, आणि तें स्वाभाविक होतें.

पश्चिम ऑस्ट्रेलियाची सरहद्द भेकांनीं २००९ सालीं ओलांडली. त्यांच्यापुढें किंबर्ली, आणि तिच्या पलीकडे पिलबारा हा खडकाळ प्रदेश. दोहोंच्या मध्यें मोठ्या वाळवंटाची कड समुद्राला येऊन भिडते. त्या पट्ट्यांत नैसर्गिक पाणी बहुतेक नाहींच. जें आहे तें गुरांसाठीं खोदलेल्या विहिरींचें आणि उघड्या तळ्यांचें. कोरड्या ऋतूंत भेकाला दर दोन-तीन दिवसांनीं ओलावा न मिळाला तर तो वाळून मरतो. म्हणून त्या वाटेवरचीं उघडीं तळीं बंद करून त्यांच्या जागीं भेकाला चढतां येणार नाहीं अशीं टांकीं बसवावीं, अशी योजना पुढें आली आहे. लांब पायाचा, सरळ चालणारा भेक येथें आला तर त्याला शेंकडो किलोमीटर पाणी मिळूं नये, एवढाच तिचा हेतु.

हें लिहीत असतां ओसरीवरचा आमचा तो भेक दिव्याखालीं येऊन बसला आहे. ज्या जातीचा तो मानला जातो, त्याच जातीचे भेक, आपल्या देशांतून नव्हे तर आग्नेय आशियांतून, कोणत्या तरी मालाबरोबर मादागास्कर बेटावरच्या तोआमासिना बंदरांत उतरले, आणि २०१४ सालीं तें जगाला कळलें. मादागास्करांतही मूळचा भेक कोणी नाहीं. तेथील सापांची व इतर प्राण्यांची तपासणी झाली. जवळजवळ कोणाच्याही हृदयांत त्या विषापासून संरक्षण नाहीं असें दिसून आलें. भेक त्या बंदराभोंवतीं वाढले आहेत, आणि आतां ते सर्व नाहींसे करणें शक्य नाहीं असें तज्ज्ञांचें मत पडलें आहे.